दातांच्या दवाखान्यातली चिलटं

दुष्काळात चाळीस मेंढरं विकून मुंजाबा देवगाव रंगारीहून औरंगाबादेत आला, आणि त्याला काम मिळालं ते नऊ कुंड्या राखायचं. गारखेड्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत त्या मांडल्या होत्या. रोज सकाळी जायचं, पानं पुसायची, पेलापेलाभर पाणी घालायचं. लांडग्याची भीती नाही, पिकात शिरल्याची भांडणं नाहीत. एवढी सुखाची राखण त्याच्या सात पिढ्यांत कुणी केली नव्हती.

दुसऱ्या उन्हाळ्यात कुंड्यांतल्या मातीतून चिलटं उठू लागली. बारीक, काळी, कुणाला न चावणारी. किराणा दुकानात ती खपून गेली असती, पण इथं माणसं तोंड उघडून पडायची. एका हेडमास्तरांनी आ केला आणि चिलट आत गेलं. हेडमास्तर दुखऱ्या दाढेसकट उठून घरी गेले.

डॉक्टर सुकेशनी मॅडम रागावल्या नाहीत. "मुंजाबा, महिनाभर बघते," त्या म्हणाल्या. "नाहीतर प्लास्टिकची झाडं आणते." प्लास्टिकच्या झाडांना राखणदार लागत नाही, हे त्या बोलल्या नाहीत. तेवढं मुंजाबाला कळत होतं.

त्यानं कडुलिंबाच्या पाल्याचा धूर केला. पेशंट खोकत बाहेर गेले, चिलटं आतच राहिली. राख टाकली. हळद टाकली, तर चिलटांच्या घरी लग्न निघाल्यासारखी गर्दी वाढली.

शेवटी त्यानं एक कुंडी जिन्याखाली नेऊन उपडी केली. माती चिकट, मुळं काळी, वरच्या थरात दोऱ्यासारख्या पांढऱ्या अळ्या, आणि वास ओल धरलेल्या मेंढवाड्याचा. हा वास त्याच्या ओळखीचा होता. ओलीत उभं राहून मेंढराचे खूर सडतात आणि त्यावर खरं औषध एकच, कोरडी जागा. पण कुंड्यांना एवढी ओल आलीच कुठून? तो तर पेलाभराच्या वर थेंब घालत नव्हता.

त्या दिवशी तो कोपऱ्यात बसून राहिला. पेशंट येत, फिल्टरचं पाणी पीत आणि उरलेला अर्धा पेला हातात धरून अवघडत. गावाकडं टँकर, शहरात आठवड्यानं नळ. पाणी फेकायला कुणाचा हात धजत नव्हता. मग इकडंतिकडं बघून जो तो ते कुंडीत ओती आणि पुण्य पदरात पडल्यासारखा खुर्चीत बसे. संध्याकाळी खुद्द मॅडमनी आपली बाटली मनीप्लांटमध्ये रिकामी केली. सगळ्या जिल्ह्यात थेंब नव्हता आणि या नऊ कुंड्यांत महापूर होता.

"पाणी तोडलं की चिलटं जातील," घरी तो बायकोला, बानाबाईला म्हणाला. "पर पाणीच घालायचं नसंल तर मला कशाला ठिवतील?"

बानाबाई चार घरची धुणीभांडी करायची. शहर तिला नवऱ्यापेक्षा जास्त कळत होतं. "गुपचूप तोडा. इचारलं तर औषध टाकलं म्हणावं. रोज टाकावं लागतंय म्हणावं."

मुंजाबानं फिल्टरखाली बादली ठेवली आणि उरलेलं पाणी तिच्यात ओतायला लावलं. कुंड्यांवर कोरड्या वाळूचा थर दिला, पाणी बंद केलं. तिसऱ्या आठवड्यात चिलटं संपली. मनीप्लांटला नवं पान आलं.

"कमाल केलीत," मॅडम म्हणाल्या. "काय टाकलंत?"

'औषध' हा शब्द त्याच्या जिभेवर आला होता.

"काय नाय मॅडम. पाणी बंद केलं."

"मग आता किती दिवसांनी घालायचं?"

"बोट घालून बघायचं. कोरडं लागलं तर. आठ-दहा दिवसांनी."

मॅडम भल्या बाई. त्यांनी थोडा विचार केला आणि भलेपणानंच म्हणाल्या, "मग तुम्ही उगाच रोज कशाला हेलपाटा घालता? दहा दिवसांनी येत जा. बाकीच्या दिवशी दुसरं काम बघा."

"व्हय," मुंजाबा म्हणाला. त्याला वाईट वाटलं. लई वाईट वाटलं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे जिना उतरेपर्यंत त्याला नीट कळून चुकलं.

दुपारीच घरी आलेला बघून बानाबाई काय ते समजली. "औषध टाकलं म्हणाले नाय ना तुमी?"

"नाय."

तिनं ताट वाढलं, पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "मेंढरं इकताना बी हेच केलं तुमी. गिऱ्हाइकानं इचारायच्या आधीच सांगून मोकळे, त्यातली एक मेंढी लंगडी हाय म्हणून."

"लंगडीच व्हती ती," मुंजाबा म्हणाला आणि त्यानं भाकरी मोडली.