चाळीस मास्तरांचे ग्राफिक्स कार्ड

सात फेब्रुवारीला चाळीस मास्तरांनी आपल्या कॉम्प्युटरसाठी ग्राफिक्स कार्ड विकत घेतले. किंमत अठ्ठावीस हजार चारशे पन्नास, रोख. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवणाऱ्या आणि स्वतःच्या गाडीला नवे टायर घालायलाही वर्षभर विचार करणाऱ्या माणसाने एका खेळापायी एवढी रक्कम मोजावी, हे त्यांच्या बायकोला काही केल्या पटेना.

"पण हे करतं काय?" तिने विचारले.

"चित्र काढतं. रस्ता, झाडं, वळणं. सेकंदाला शंभर चित्रं."

"आणि तुम्ही ती बघत बसणार."

"बघत नाही. चालवणार."

मास्तरांना खरे नाव होते, पण ते कोणी घेत नसे. शिकाऊ माणसाने वेगाचा काटा चाळिसाच्या पुढे नेला, की मास्तरांच्या पायाखालचा जादा ब्रेक दाबला गेलाच म्हणून समजावे. "चाळीस पुरे. पोचायचंय की उडायचंय?" हे वाक्य गावातल्या निम्म्या चालकांनी शिकताना ऐकलेले होते. आधी शिष्य त्यांना चाळीस मास्तर म्हणू लागले, मग न्हावी, मग शेजारी. घरी टीव्हीचा आवाजही चाळीसवर असे. बायको कमी करी, ते पुन्हा चाळीसवर आणीत. एकदा सवय हाडात मुरली की ती कुठे कुठे डोके वर काढील, सांगता येत नाही.

असा हा माणूस खेळात मात्र दगडधोंड्यांच्या रस्त्यावरून एकशे साठने गाडी हाकत असे. त्याचे कारण त्यांची मुलगी. ती लग्न होऊन लांबच्या शहरात गेली होती. फोनवर बापलेकीचे बोलणे म्हणजे "जेवलात?", "जेवलो", "आईला देतो". संपले. खेळात गोष्ट वेगळी होती. मास्तरांच्या पडद्यावरचा रस्ता तिच्या घरी तिला दिसे आणि पुढचे वळण ती आधीच वाचून सांगे. "डावीकडे, तीव्र! पुढे चढ. बाबा, दगड! दगड म्हटलं ना!" रविवारी दुपारी तासभर ती त्यांच्यावर ओरडे, ते तिच्यावर ओरडत, आणि दोघेही तृप्त मनाने कानावरचे हेडफोन उतरवून ठेवत.

जुने कार्ड या खेळाला पुरत नव्हते, म्हणून नवे आणले. नव्या कार्डावर चित्र इतके स्वच्छ दिसे, की वळणावर मास्तर खुर्चीतच कलत. पण दुखणे निराळेच निघाले. खेळ सुरू झाला, की गाडी सुरेख पळे आणि तिसऱ्या वळणाच्या आसपास पडदा काळा होई. आवाज क्षणभर घशात अडकल्यासारखा घरघरे आणि मग सगळे चिडीचूप. मुलगी तिकडून "बाबा? बाबा?" करत राही.

दोन रविवार असे गेल्यावर तिने फोन केला.

"बाबा, पुढच्या रविवारी आपल्या खेळाच्या क्लबची जोडीची शर्यत आहे. गाडी शेवटापर्यंत गेली नाही तर जोडी कायमची बाद. शनिवारी संध्याकाळी मला नावं द्यायचीत."

"दे की मग."

ती जरा घुटमळली. "इकडचे बाबा म्हणतायत, ते बसतील म्हणून."

इकडचे बाबा म्हणजे तिचे सासरे, मास्तरांचे व्याही. या गृहस्थांनी नुकतेच खेळासाठी खरेखुरे स्टिअरिंग आणि पायाखाली तीन पेडल घेतले होते. मास्तर अजून कीबोर्डाच्या बाणांवर गाडी चालवत. त्याच संध्याकाळी व्याह्यांचा स्वतःचाच फोन आला.

"व्याहीबुवा, तुम्ही मुळीच काळजी करू नका. आम्ही आहोतच की. तुम्ही आपला आराम करा."

बाकीचे ठीक होते. तो 'आराम' मास्तरांना झोंबला. ज्याला आपण कधी गाडी चालवायला शिकवले नाही अशा माणसाने आपल्या लेकीशेजारी चालकाच्या जागी बसावे, आणि वर आपल्याला आराम सांगावा!

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुरुस्तीला हात घातला. मुलीने पहिला उपाय सांगितला, "बाबा, जुना ड्रायव्हर काढून टाका आणि नवा घाला."

"कुणाला काढून टाका?" मास्तरांनी विचारले.

"कार्डाचा हो! कार्ड चालवणारा प्रोग्राम असतो, त्याला म्हणतात ड्रायव्हर. तुम्हाला कोण काढतंय?"

"तसं स्पष्ट बोलत जा," मास्तर म्हणाले.

जुना काढला, नवा घातला. तिसरे वळण, पडदा काळा.

मग त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याचे झाकण उघडून रंगाच्या जुन्या ब्रशने धूळ झाडली. कार्ड काढून पुन्हा नीट बसवले, वायरी दाबून पाहिल्या. पडदा काळा. मग त्यांना वाटले, विजेचा दाब कमी पडत असावा. त्याच भिंतीतल्या वायरिंगवर फ्रिजही होता. तो त्यांनी बंद केला आणि परत चालू करायला विसरले. संध्याकाळी दूध नासले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्खा कॉम्प्युटर उचलून स्वयंपाकघरात जेवणाच्या टेबलावर मांडला, कारण तिथले वायरिंग नवे होते.

"आता ओट्यावरून शर्यत का?" बायकोने विचारले.

"विजेचा संशय आहे."

"मला तुमचा आहे."

स्वयंपाकघरातही पडदा तिसऱ्या वळणावरच काळा झाला. बायकोने टेबल पुसले आणि शांतपणे म्हटले, "एवढंच कळलं, की बिघाड घर फिरून आला तरी बदलत नाही."

शनिवारी सकाळी मास्तरांनी कार्ड जुन्या स्वेटरात गुंडाळले आणि मांडीवर घेऊन बसने दुकान गाठले. दुकानदार त्यांचाच जुना शिष्य. त्याने कार्ड आपल्या यंत्रात बसवले, तोच खेळ लावला आणि दोघे समोर बसून राहिले. तिसरे वळण गेले. दहावे गेले. तास होत आला, तरी गाडी आपली पळतेच आहे.

"मास्तर, ठणठणीत आहे की हे."

"घरी मरतं."

"मग डॉक्टरच्या दारात ताप उतरला म्हणायचं."

मास्तरांचे लक्ष मात्र भलतीकडेच होते. कार्डाचे पंखे मिक्सरसारखे घुमत होते. "हे आवाज केवढा करतंय तुझ्याकडे!" ते कुरकुरले. "माझ्या घरी कसं मांजरासारखं निजलेलं असतं."

"निजलेलं? खेळताना?"

"केव्हाही. अजिबात आवाज नाही."

दुकानदाराने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "मास्तर, तुम्हीच शिकवलंत. गाडी चढावर लागली आणि इंजिनाचा आवाज बदलला नाही, तर काय समजायचं?"

"काहीतरी चुकतंय, असं." एवढे बोलून मास्तर थांबले.

"पंख्याला कुठे हात लावलात का?"

लावला होता. पहिल्याच दिवशी दुपारी पंख्यांचा घोंगाट ऐकून बायको झोपेतून उठली होती. तेव्हा मास्तरांनी पंख्यांचा एक वेगळा प्रोग्राम शोधून त्यातले 'आपोआप' बंद केले आणि वेग स्वतःच ठरवून दिला. घर शांत झाले. या गोष्टीचा त्यांना अभिमान वाटला होता, म्हणून ती बिघाडात मोजायचे त्यांना सुचलेच नाही.

"लावला थोडासा."

"किती टक्क्यांवर ठेवलात?"

मास्तर काचेतून बाहेरच्या रहदारीकडे पाहू लागले.

"मास्तर, किती?"

"चाळीस."

दुकानदार उठला आणि पाठ करून फडताळातली खोकी उगाच सारखी करू लागला. त्याचे खांदे हलत होते. बऱ्याच वेळाने त्याला तोंड फिरवता आले.

"कार्ड जोरात पळायला लागलं की तापतं. पंख्याने त्याच्याबरोबर पळायला हवं. तुम्ही त्याच्याही ब्रेकवर पाय ठेवून बसलात! बिचारं तापून तापून तिसऱ्या वळणावर मान टाकतंय."

"हसू नकोस. दोनदा नापास झाला होतास."

"तीनदा," दुकानदार डोळे पुसत म्हणाला.

दुपारी घरी येऊन मास्तरांनी कार्ड बसवले, 'आपोआप' पुन्हा चालू केले आणि खेळ लावला. पंखे घुमू लागले. तिसरे वळण गेले, पाचवे गेले. सातव्यावर बायको दारात उभी.

"अहो, बंद करा ते. डोळा लागला होता माझा."

मास्तरांची बोटे कीबोर्डावर थबकली. वेग खाली आणला, तर घरात शांतता आणि तिकडे चालकाच्या जागी व्याही. इतके दिवस त्यांनी बायकोला हे सांगितले नव्हते. घरच्या माणसापुढे हरायला माणूस तयार असतो, पण व्याह्यापुढे हरतो आहे हे तिला कळू नये, असे वाटते. आता मात्र त्यांनी सगळे सांगून टाकले.

"म्हणजे ते बसणार?" बायको म्हणाली. "माझ्या लेकीशेजारी? मागच्या खेपेला गेटातून गाडी काढताना कुंडी फोडली त्यांनी!"

"तेच म्हणतोय."

तिने उशी उचलली आणि मागच्या खोलीकडे निघाली. दारातून वळून म्हणाली, "शंभरवर लावा तो पंखा."

संध्याकाळ व्हायच्या आत मास्तरांनी मुलीला फोन केला. "नाव दे माझं. झालं दुरुस्त."

"काय बिघडलं होतं?"

"वाऱ्याचा प्रश्न होता."

"बाबा, पंखा स्वतः ठरवलात ना? कितीवर?"

"आपलं नेहमीचंच," मास्तर म्हणाले. ती इतकी हसली, की शेवटी नवऱ्याने फोन घेऊन विचारले, सगळे बरे आहे ना.

रविवारी शर्यत झाली. कार्ड सगळा वेळ गरजत होते, म्हणून मुलीला ओरडावे लागे आणि मास्तरांना त्याहून मोठ्याने. "सरळ आहे बाबा, सोडा, सोडा! कुणीही समोर नाहीये!" सोळा गाड्यांत ते तेराव्या क्रमांकाने आले, पण गाडी शेवटच्या रेषेपलीकडे गेली. व्याही सबंध वेळ सुनेच्या मागे उभे होते.

"व्याहीबुवा, पुलावरचं वळण जरा सावकाशच घेतलंत," ते माइकात म्हणाले.

मास्तर काही बोलायच्या आधी मुलगीच म्हणाली, "बाबा, त्यांना मी वेळ मोजायचं काम दिलंय. पुढच्या शर्यतीला आपल्या दोघांचीच नावं टाकतेय. कीबोर्ड मात्र बदला हं आता."

"विचार करू," मास्तर म्हणाले, आणि तिने आईला न देताच आणखी अर्धा तास पुलावरच्या वळणाबद्दल त्यांच्याशी वाद घातला.

सोमवारी त्यांनी औषधांच्या दुकानातून बायकोसाठी कानात घालायचे बोळे आणले. सुटे पैसे नव्हते. औषधवाल्याचे पंच्याऐंशी अजून द्यायचे आहेत.