भावोजींचा कान

या, अशा जवळ बसा. पुरवणीची पानं नुसती चाळायची वाईट खोड तुम्हाला. आमच्या भावोजींबद्दल लिहिलंय, ते तरी सावकाश वाचा. गेल्या महिन्यात पुतण्याचा दवाखान्यातून फोन आला, "काकी, बाबा गेले"... आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी मला रागच आला. एवढी विद्या कुणाला न देता घेऊन गेला माणूस.

मी लग्न होऊन पालघरला आले ती साठ सालानंतर. ओटीवर दिराचं घड्याळदुरुस्तीचं टेबल, डोळ्याला भिंग. तारापूरला वीजकेंद्राचं काम निघालेलं, बोईसरकडे नवी बिऱ्हाडं येत होती आणि त्यांच्यासोबत लंबकाची घड्याळंही. दिवाळीला भिंतींना चुना काढताना लोक घड्याळ उतरवायचे, परत टांगायचे, की ते बंद. बोल भावोजींना. सरावलीच्या एक बाई तर दारात येऊन मलाच म्हणाल्या, "तुमच्या दिराला घड्याळ दुरुस्त करता येतं, की नुसतं बघत बसता येतं?" भावोजी उठून निघाले, मीही तणतणत मागोमाग. तिथे डोळे मिटून त्यांनी ऐकलं, घड्याळाचं खालचं टोक जरासं सरकवलं, लंबक हलवला. चालू झालं. बाई म्हणाल्या, "पण वाकडं दिसतंय." "दिसू दे," म्हणून भावोजींनी चपला घातल्या.

वाटेत मी म्हटलं, "अहो, कारण सांगायचं ना त्यांना."

"सांगून कळत नाय, वैनी. दोन ठोक्यांत सारखं अंतर पायजे. नायतर लंगडतं, मग थांबतं. ते ऐकावं लागतं."

"मग मला शिकवा."

"तुमाला? चुलीवर दूध उतू जातं, ते ऐकू येत नाय."

तरी बसले मी त्यांच्याशेजारी. मला सगळी टिकटिक सारखीच. कंटाळून उठले, त्यांनीही थांबवलं नाही. स्वतःच्या पोरालाही त्यांनी कधी धरून बसवलं नाही. पुढे सेलची घड्याळं आली, मग कोण विचारतंय...

बाराव्याला पाहुणे आले. आमच्या भिंतीवरचं, भावोजींनी लावलेलं घड्याळ तिरपं दिसलं म्हणून कुणीतरी मायेने सरळ केलं. संध्याकाळी बंद. मी रोज लंबक हलवते. थोडं चालतं, थांबतं. परवा तशीच खाली उभी होते आणि एकदम कळलं. लंगडत होतं. स्वच्छ ऐकू आलं मला. इतक्या वर्षांनी, आणि सांगायला माणूस नाही. खांदा वर जात नाही, सून स्टुलावर चढू देत नाही. म्हणून म्हणते, वाचून झालं की लवकर घरी या. तुम्ही खालचं टोक सरकवा, मी ऐकते. मी 'बस' म्हटलं की हात काढा... आणि मग लगेच निघू नका, तुम्हीही जरा ऐका.