अकोला, अर्धा तास

विमानवाल्या साहेबानं भोंगेवाल्याला फसवलं आणि त्यानं मला. आधी एवढं लिहून ठेवतो.

त्याला तुम्हीही पाहिलं असेल. साहेबाच्या विमानात पैसे देऊन बसायला माणसं मिळावीत म्हणून टांग्यात उभा राहून, टिनाचा भोंगा तोंडाला लावून तो अमरावतीभर ओरडायचा, "डोया लवला की अकोला!" आणि खरोखरच डोळा मिचकावायचा. त्याआधी तो दवंडी पिटायचा. कोणाची गाय हरवली तरी असं सांगायचा, की ऐकणाऱ्याला ती आपलीच वाटावी.

मी संत्र्यांचा व्यापारी. डोक्यावरच्या टोपलीपासून सुरुवात केलेला. घासाघीस केल्याशिवाय देवाचा नारळही घेत नाही.

"किती दूर हाय रे?" मी विचारलं.

"पन्नास मैल, भाऊ. अर्धा तास."

"तू गेलता काय?"

तो भोंगा पुसू लागला.

"तू संग बसशीन तं मी बसतो." सौदा ठरला.

जमीन सुटली. पुढच्या उघड्या जागेत आम्ही दोघं, मागं साहेब. खाली रेल्वे दिसत होती. तिच्यावर नजर ठेवूनच साहेब चालला होता. भोंगेवाल्यानं माझं मनगट इतकं आवळलं होतं, की बोटं बधिर झाली. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर आठवेना.

मूर्तिजापूरला लहान गाडीच्या रुळांचा फाटा फुटतो. विमान त्या फाट्यावर डावीकडे वळलं! वऱ्हाडातलं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही. मी ओरडलो, वाऱ्यानं आवाज खाल्ला. भोंगेवाला मागं वळून दोन्ही हातांनी उजवीकडे दाखवू लागला. आम्हाला मजा येते आहे असं समजून साहेबानंही हसून हात हलवला.

अर्धा तास केव्हाच सरला. खाली टेकड्या आल्या. भोंगेवाला लहान मुलासारखा माझ्या खांद्यात तोंड खुपसून रडत होता, आणि मी रडत नव्हतो असं म्हणणार नाही. शेवटी तेल संपत आलं, तेव्हा विमान ज्वारीच्या धसकटांत आदळत उतरलं.

मी त्याच्यावर हात उगारला. त्यानं माझे पाय धरले. "भाऊ, मले मालूम नोतं. साहेबानं सांगतलं, तेच मी बोंबललो."

हात तसाच खाली आला.

आम्ही अमरावतीला परतलो आणि गावात बोभाटा झाला. विमानात कोणी बसेना. साहेब भोंगेवाल्याला म्हणाला, तूच बस, म्हणजे लोकांना धीर येईल. तो चढला तेव्हा मी त्याचा दंड धरला.

"उतर, येड्या! रस्ता मालूम हाय काय याले?"

"मी नाही बसलो तं कोन बसन, भाऊ?" चेहरा राखेसारखा झाला होता. कडेला उभ्या असलेल्या बायकोकडे त्यानं पाहिलंच नाही.

अकोल्याच्या मैदानावर लोक अंधार पडेपर्यंत आभाळाकडे बघत राहिले. विमान सापडलं ते त्याच लहान गाडीच्या फाट्याकडच्या टेकडीवर. साहेब मोडक्या हातानिशी आगगाडीनं मुंबईला गेला. भोंगेवाल्याला आम्ही चादरीत गुंडाळून बैलगाडीतून आणलं.

त्याची बायको अजून माझ्या दुकानाशी येऊन उभी राहते. "भाऊ, अकोला अर्धाच तास हाय न? मंग हे कावून पोचले नाई?"

मी सगळ्या बाजाराशी भांडलो आहे. तिच्या पदरात मात्र चार संत्री घालतो, भाव न सांगता.

साहेब पुन्हा विमान चालवतो म्हणे. त्यानं एकदा अमरावतीला यावं, आगगाडीनंच यावं. तिच्यासमोर उभं राहावं आणि सांगावं: एकदा वाट चुकल्यावर, रस्ता कोणाला न विचारता, त्या माणसाला पुन्हा वर का नेलं?