एक ओळ वर सरकलेले अर्थ

माझ्या नवऱ्याची थोरली बहीण धार जिल्ह्यात गंधवानीच्या पुढे, एका लहान गावातल्या आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. आमच्याकडे थोरल्या नणंदेला अजून ‘वन्सं’ म्हणतात. तिथे येणाऱ्या बायका भिली बोलतात आणि वन्संना येते मराठी आणि हिंदी. गावातलीच एक आशाताई मधे बसून सांगते. ती नसली की वन्संचं अडतं.

मी देवासला मुलींच्या शाळेत कम्प्युटर शिकवते. शाळेतली जुनी मशीनं लिनक्सवर चालतात. ते फुकट मिळतं आणि जुन्या मशीनवरही तग धरतं. त्यात शब्दकोशाचा एक छोटा प्रोग्राम आहे. शब्द टाकला की अर्थ दिसतो, इंटरनेट लागत नाही, आणि शब्दांची फाइल कुणीही बनवून त्यात घालू शकतं. वन्संकडे एक वही होती. नोकरी लागल्यापासून कानावर पडलेले भिली शब्द आणि त्यांचे हिंदी अर्थ त्यांनी तीत उतरवून ठेवले होते. दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मी ते टाइप केले, त्यांचं पॅकेज बनवलं, वन्संच्या लॅपटॉपवर चढवलं आणि कुणालाही घेता यावं म्हणून नेटवरही ठेवलं. सोबत नेहमीचा परवाना जोडला: जसं आहे तसं देत आहे, कसलीही हमी नाही. सगळेच जोडतात, म्हणून मीही जोडला. नीट वाचलासुद्धा नव्हता.

दिवाळीत वन्सं देवासला आल्या, तेव्हा थोडे नवे शब्द घालून सुधारलेली आवृत्ती मी त्यांच्या लॅपटॉपवर टाकून दिली.

तीनेक आठवड्यांनी, शाळेत रिकाम्या तासाला मेल उघडला तर एका अनोळखी माणसाचं हिंदीत दोन ओळींचं पत्र. ‘मैडम, नए वर्ज़न में आधे शब्दों के अर्थ एक-एक लाइन ऊपर खिसक गए हैं. देख लीजिए.’

फाइल उघडली. मधे कुठेतरी दोनदा आलेला एक अर्थ मी खोडला होता. तो रकाना पुसताना खालचे सगळे अर्थ एकेक ओळ वर आले होते. तिथून शेवटपर्यंत प्रत्येक शब्दाला त्याच्या पुढच्या शब्दाचा अर्थ लागला होता. घुबडापुढे मीठ, मिठापुढे सासू. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी हसले असते.

मग आणखी खाली गेले. पोटुशी बाई ‘पाणी जातंय’ म्हणताना जो शब्द वापरते, त्याच्यापुढे लिहिलं होतं: खाज.

मीठ-सासू बघून कुणालाही चूक कळेल. खाज बघून कळणार नाही.

वन्संना फोन लावला, लागेना. मेसेजपुढे एकच टिक. मोठ्या बाईंना म्हटलं, घरच्यांच्या तब्येतीचं काम आहे, आणि यादीची छापील पानं पर्समध्ये कोंबून बस स्टँड गाठला. इंदूरच्या बसमध्ये बसल्या बसल्या मोबाइलवरून ती आवृत्ती नेटवरून काढली आणि तिथे सूचना लावली, ‘ही वापरू नका, धोक्याची आहे.’ पण जी कुणाच्या मशीनवर पोचली, ती कशी परत आणणार? किती जणांनी उतरवली त्याचा आकडा दिसत होता, माणसं दिसत नव्हती.

इंदूर ते धार मी पेनने एकच काम केलं. चुकीचा असूनही खरा वाटेल अशा प्रत्येक अर्थाभोवती गोल काढला. अकरा झाले. रक्ताच्या जागी घाम. झटक्यांच्या जागी झोप.

धारला उतरून एकाला विचारलं, “भिया, गंधवानी की बस?”

“अभी निकली, मैडम. अब पौन घंटे बाद मिलेगी.”

त्या पाऊण तासात मी चार वेळा फोन लावला. नंतर लावायचीच भीती वाटू लागली. उचलला आणि काही झालं आहे असं म्हणाल्या तर?

पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. वन्सं टेबलाशी रजिस्टर भरत होत्या.

“अगं, तू? घरी सगळे बरे ना?”

“वन्सं, त्या शब्दकोशात चूक आहे. तुम्ही वापरलात का?”

“वापरला म्हणजे? आशाताई माहेरी लग्नाला गेली होती. मागचा अख्खा आठवडा त्याच्यावरच तर काढला.”

मी पानं पुढे केली. चष्मा लावून त्या एकेका गोलावर बोट ठेवत गेल्या. खाजेपाशी बोट थांबलं.

“बाकीचे शब्द कुणाच्या तोंडी आले नाहीत. हा म्हणणारी मंगळवारी आली होती,” त्या हळूच म्हणाल्या. “आठवा महिना. मी तिला मलम दिलं. ती सारखी मान हलवत होती. मला वाटलं, मलम नको म्हणते आहे.”

आशाताई परत आली होती. तिला घेऊन आम्ही तिघी एकाच स्कूटीवर त्या बाईच्या पाड्यावर गेलो. अंगणात तिची सासू शेळीला पाला घालत होती. घराचं दार ओढलेलं होतं. आशाताई बोलू लागली, सासूही बोलू लागली, आणि ते बराच वेळ चाललं. मी दोघींच्या तोंडाकडे पाहत होते. भिलीचा शब्दकोश केला होता मी, आणि एक वाक्य समजत नव्हतं.

शेवटी आशाताई वळली. “बहू की माँ आई थी. मलम फेंक दिया और उसी दिन धार ले गई.”

“और?” मी विचारलं.

“बेटी हुई है. काँच की पेटी में रखा है. दोनों ठीक हैं.”

वन्सं तिथेच मातीत बसल्या. मी आशाताईला म्हटलं, “इनसे कहो, गलती मेरी थी, दीदी की नहीं.” तिने सांगितलं. सासूने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि काहीतरी म्हटलं. आशाताई सांगायला कचरत होती.

“बोल रही है, मशीन से क्यों पूछा? बहू सामने बैठी थी.”

“बरोबर बोलली,” वन्सं म्हणाल्या.

केंद्रावर परत आल्यावर मी लॅपटॉप ओढला आणि पॅकेज काढून टाकायला लागले. वन्संनी माझा हात धरला.

“काढू नकोस.”

“वन्सं, मला भीती वाटते.”

“मलाही वाटते. पण आशाताई उद्या पुन्हा कुठे गेली तर माझ्याकडे काय आहे? नीट कर. काढू नकोस.”

शाळेला कळवून मी दोन दिवस राहिले. आशाताई एकेक शब्द वाचायची, अर्थ सांगायची, मी ताडून बघायची. माझी सरकलेली ओळ सोडून वहीतल्याही कितीतरी चुका निघाल्या. वन्संनी त्या मुकाट्याने मान्य केल्या. शेवटचा शब्द झाला तेव्हा आशाताईचा घसा बसला होता.

तिसऱ्या दिवशी नवी आवृत्ती चढवली. आशाताई पाड्यांवर गेली होती आणि तेवढ्यात एक बाई लेकरू कडेवर घेऊन आली. ती काही बोलली. वन्संनी लॅपटॉप पुढे ओढला आणि तो शब्द टाइप करायला घेतला. मला पाहवेना. मी बाहेर जाऊन हातपंपाशी उभी राहिले, आणि ती बाई कागदाची पुडी मुठीत धरून बाहेर पडेपर्यंत आत गेले नाही.