रबरबँडमधली कार्डं

रीडिंगहून लंडनला जाणाऱ्या सकाळच्या ट्रेनमध्ये तो म्हातारा अमेरिकन रोज माझ्यासमोर बसायचा. खिशातून बेसबॉलच्या जुन्या कार्डांचा गठ्ठा काढायचा, रबरबँड मनगटावर चढवायचा आणि बोटाला थुंकी लावून एकेक कार्ड उलटायचा. थुंकी! माझा जीव खालीवर व्हायचा.

लहानपणी पुण्यात जमवलेली माझी क्रिकेटची कार्डं आईने रद्दीत घातली. आताची सगळी ऑनलाइन घेतलेली. तज्ज्ञांनी तपासून, दहापैकी दहा देऊन, कडक प्लास्टिकमध्ये सीलबंद केलेली. एकालाही माझं बोट लागलेलं नाही.

शेवटी न राहवून मी म्हणालो, "अशाने खराब होतील हो ती. मी माझी कार्डं प्लास्टिकमध्ये ठेवतो."

"झालीच आहेत की," तो हसला. एका खेळाडूला पेनने मिशा काढलेल्या होत्या. "या माझ्या भावाने काढल्या. हे दुसरं शाळेत मारामारी करून मिळवलं. तुम्ही तुमची कशी मिळवलीत?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

त्याने मिशावालं कार्ड माझ्या नाकाशी धरलं. "बबलगमच्या पाकिटात यायची. अजून वास येतो बघा. येतोय ना?"

गोडसर, स्पष्ट वास येत होता.

"नाही," मी म्हणालो.