खातं माझ्या नावाचं

अकरा वर्षं एकाच सरकारी ऑफिसात चहा दिला, की किस्से फायलींसारखे साचतात. फरक एवढाच, की किस्से मागितल्याबरोबर सापडतात.

कोथरूडच्या या ऑफिसात मी ठेक्यावर. ठेकेदार दरवर्षी बदलतो आणि मी दरवर्षी नवी होते. म्हातारपणाला काय? काही नाही. म्हणून माझं एकच म्हणणं: माझ्या नावाचं खातं द्या. थोडं मी भरीन, थोडं सरकारनं भरावं. ठेकेदार गेला तरी खातं माझ्याबरोबर राहिलं पाहिजे.

* * *

हेडक्लार्क जोशीसाहेबांना हे पटत नाही. जुनी पेन्शनच बरी, खात्यातला पैसा बाजारात जातो, तो निव्वळ जुगार, असं ते मोबाईलवर शेअरचे भाव बघत सांगतात.

"मग हे काय, साहेब?"

"अहो मावशी, ते वेगळं. ते माझे स्वतःचे आहेत."

"मीही तेच म्हणतेय."

त्या दिवशी साहेबांनी चहा अर्धा ठेवला.

* * *

याच साहेबांचं सेवापुस्तक मध्यंतरी हरवलं. त्याच्याशिवाय त्यांची जुनी पेन्शन ठरत नाही. तीन महिने टेबलं एकमेकांकडे बोट दाखवत होती. सापडलं कुठं? माळ्यावर, ऑफिसच्या गणपतीच्या मखराखाली!

नवा क्लार्क स्वप्नील वाघोलीहून बदलून आला, तर त्याचं पेन्शनचं खातं मोबाईलमध्ये बसून आलं.

हल्ली मखर काढायला जोशीसाहेब स्वतः शिडीवर चढतात.

* * *

मग ऑफिसात सभा झाली. फलकावर 'सर्वांना पेन्शन'. मी बोलायला उठले, तर जोशीसाहेब म्हणाले, "मावशी, हा कर्मचाऱ्यांचा प्रश्न आहे. तुम्ही चहाचं बघा."

फलकावरचे 'सर्व' बावीस निघाले. कप मीच मोजले.

* * *

आणि परवाचं. पेन्शनबद्दल मतं ऐकायला मुंबईहून मोठे साहेब आले. ठेका बदलताना मध्ये एक दिवस नोकरी तोडतात, त्या दिवशी मी कागदावर नसते, चहा मात्र करते. नेमका तोच दिवस. चहाबरोबर मी माझा अर्ज ठेवला. चौथीपर्यंतच्या अक्षरात, पण माझ्या हातचा.

साहेबांनी घोट घेत पूर्ण वाचला. "मागणी रास्त आहे. पण अर्ज ठेकेदारामार्फत हवा."

"कालचा गेला, साहेब. नवा उद्या येणार."

"मग आज तुम्ही कोणाकडे?"

"कोणाकडेच नाही. आज मी इथं नाहीच."

साहेबांनी कपाकडे पाहिलं, मग जोशीसाहेबांकडे. "मग हा चहा कोणी केला?"

जोशीसाहेब उठून उभे राहिले. म्हणाले, "चौकशी करतो, सर."