खिशातली कॉइल

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातला मी नाही. नाशिकला पेठ नाक्याजवळ माझं छोटं वर्कशॉप आहे. द्राक्षबागेतले फवारणीचे पंप, गवत कापायची मशीन, असली लहान इंजिनं दुरुस्त करण्यात तीस वर्षं गेली. बंद पडलेल्या इंजिनाला कारण असतंच आणि शोधलं की सापडतंच, यावर माझं घर चालतं. इथे बाकीच्यांनी लिहिलेले अनुभव मी चहाबरोबर वाचतो आणि मनात म्हणतो, "हं… प्लग तपासला होता का?" आता तुम्ही मला तेच विचारणार, म्हणून सगळं क्रमाने सांगतो.

जागा पेठ तालुक्यातली. मेन रोड सोडून बरंच आत गेलं की एका लहान धरणाचा फुगवटा लागतो. अलीकडे शाळेचं गाव, पलीकडे एक पाडा. नावं देत नाही – उगाच लोक मोबाइल घेऊन तिथे धडकायचे. पाड्यावरून शाळेत यायला बोटीने बारा मिनिटं लागतात. रस्त्याने धरणाला वळसा घालून यायचं तर सव्वा तास, तोही गाडी मिळाली तर.

पाड्यावरच्या मथुराताई त्या बोटीतून मासेमारी करतात आणि सकाळी पाच मुलींना शाळेत सोडतात. बोटीच्या मागे लावायची जुनी मोटर आहे, एकाच सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. ती त्यांच्या नवऱ्याने हौसेने आणली होती. ते आजारपणात गेले आणि मोटरची दोरी मथुराताईंच्या हाती आली.

माझे साडू भास्करराव त्या शाळेत विज्ञान शिकवतात. गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. मोटर थंडीत मिसफायर मारते. सकाळी सुरू होते, खोकते, गचके देते आणि पाण्याच्या मधोमध बंद पडते. ऊन चढलं की शहाण्यासारखी चालते, पण शाळा सकाळची! एकदा बोट अर्धा तास पाण्यात तशीच तरंगत राहिली, तेव्हापासून मुलींचे बाप बिथरले होते.

"त्यातल्या दोघी दहावीला आहेत," भास्करराव म्हणाले. "आता बाप म्हणतायत, नको ती शाळा. एकदा घरी बसली की पुढच्या वर्षी लग्न. तुम्हाला मी काय सांगायचं?"

मी मोटर नाशिकला आणली. पाण्याच्या ड्रमात उभी केली, दोरी ओढली… पहिल्या झटक्यात सुरू. तरी प्लग बदलला, कार्ब्युरेटर उकलून साफ केला, पेट्रोलची नळी नवी टाकली आणि पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच खोकला. असं दोनदा झालं. भास्कररावांनी टोमणा मारलाच, "तुमच्याकडे माहेरी आल्यासारखी वागते हो ती. सासरी गेली की रुसून बसते."

चूक माझीच होती. माझं वर्कशॉप उघडतं अकराला. म्हणजे दर वेळी मी ती मोटर तापलेल्या पत्र्याखाली, भर दुपारी तपासत होतो. थंडीतलं दुखणं उन्हात दिसणार कसं? तीस वर्षांचा अनुभव, आणि ही गोष्ट लक्षात यायला मला दोन महिने लागले.

फेब्रुवारीत दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. आदल्या संध्याकाळी मी पाड्यावर मुक्कामाला गेलो आणि मोटर मुद्दाम उघड्यावर, बोटीवरच राहू दिली. पहाटे उजाडता उजाडता काठावर पोचलो तर पाण्यावर हे एवढं धुकं. बोटं वाकत नव्हती. मोटरचं झाकण काढून ठिणगी तपासली. थंड कॉइलवर ती येत होती, जात होती. शेवटी दुखणं सापडलं! प्लगला ठिणगी पुरवणारी, इंजिनाच्या बाजूला दोन बोल्टवर बसवलेली ही कॉइल जुनी झाली होती. आत कुठेतरी बारीक तडा असणार, गारठ्यात फाकायचा आणि ऊब मिळाली की जुळायचा.

नवी कॉइल नाशिकहून आणावी लागणार होती. तोपर्यंत हीच अंगाच्या उबेला धरून, परत बसवून आजची फेरी मारता येईल, असा हिशोब केला. मी कॉइल काढली आणि स्वेटरच्या आत, शर्टाच्या खिशात टाकली. काढलेला पार्ट जमिनीवर ठेवायचा नाही, अंगावर ठेवायचा, ही आमच्या उस्तादांची शिस्त. मग हात शेकायला वर शेकोटीपाशी गेलो.

तिथे एका मुलीचे वडील बसले होते, कोंडाजी. त्यांनी मला चहा दिला. माणूस रागीट नव्हता, घाबरलेला होता.

"मिस्तरी, आज बंद पडली ना, तर माझी पोर परत बोटीत बसायची नाय."

"आज परीक्षा आहे हो तिची."

"परीक्षा राहिली तर राहू द्या. पोर राह्यली पायजे."

त्यांचं खोटं नव्हतं. मी तसाच चहाचा कप धरून बसलो आणि डोक्यात तेच फिरत राहिलं. खालून मथुराताईंची हाक आली, "भाऊ, चला, पोरी बसल्या!" खाली गेलो तर मोटरचं झाकण लागलेलं. मी वर गेलो म्हणजे काम झालं, असं समजून त्यांनीच ते बसवलं होतं. आणि मी? चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारा माणूस असतो ना, तसा मी बोटीत जाऊन बसलो. कॉइल खिशात आहे हे साफ विसरलो.

मथुराताईंनी दोरी ओढली. एकाच झटक्यात मोटर सुरू झाली.

खोकला नाही, गचका नाही. एकसारखा, मऊ आवाज. धुक्यात दोन्ही काठ दिसत नव्हते. मुली वह्या उघडून आम्ल, अल्कली, लिटमस असलं काहीबाही पुटपुटत होत्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो, वा रे पठ्ठ्या! इतकं समाधान मला क्वचित वाटलं असेल. हात गार पडले म्हणून मी मोटरच्या झाकणावर ठेवले, तर झाकण गारच. दहा मिनिटं चाललेली मोटर, आणि बर्फासारखी गार. तेव्हाही माझी ट्यूब पेटली नाही.

मथुराताई मान किंचित तिरकी करून आवाज ऐकत होत्या. म्हणाल्या, "हे होते ना, तवा अशी चालायची."

"आता रोज चालेल," मी ऐटीत म्हटलं.

शाळेच्या काठावर भास्करराव उभेच होते. मुली उड्या मारून उतरल्या आणि शाळेकडे पळाल्या. मथुराताईंनी मोटर बंद केली. मी नाक पुसायला स्वेटरच्या आत रुमाल शोधायला हात घातला… आणि हाताला कॉइल लागली.

ती ऊबदार होती. माझ्याच अंगाने.

मी ती काढून नुसती पुढे धरली. भास्कररावांनीच झाकण काढलं. कॉइलची जागा रिकामी, दोन्ही वायरी लोंबकळत होत्या. विज्ञानाचा मास्तर तो, चार वेळा वाकून पाहिलं आणि मग काठावरच्या दगडावर टेकला. कॉइल नाही म्हणजे ठिणगी नाही. ठिणगी नाही म्हणजे हे इंजिन सुरूच होऊ शकत नाही. तापलेलं इंजिन कधी कधी ठिणगीशिवायही थोडा वेळ धडधडतं, ते मी पाहिलं आहे. पण ही मोटर रात्रभर दवात होती. आणि बारा मिनिटं?

मी तिथेच, तशाच अवस्थेत दोरी ओढून पाहिली. वीस वेळा, तीस वेळा. शिंकली सुद्धा नाही. नंतर नाशिकला जुन्या-जाणत्या मेकॅनिकांना विचारलं. कोणी म्हणालं, तुला आठवत नसेल, तू कॉइल लावलीच असशील. मग खिशात काय होतं? आणि भास्कररावांनी काय पाहिलं? कोणाकडेच उत्तर नाही. इथे कोणी इंजिनाचे जाणकार असतील तर जरूर लिहा, मी वाट बघतो. चारच दिवसांत नवी कॉइल बसवली. मोटर आता कडाक्याच्या थंडीतही सरळ चालते, आणि त्याचं कारण मला ठाऊक आहे. दोघी मुली पास झाल्या. कोंडाजींची पोर तर पेठला अकरावीत आहे, हे लिहितानाही मला छान वाटतंय.

त्या सकाळचं कोडं पडलं ते मला आणि भास्कररावांना. मथुराताईंना पडलं नाही. दोरी ओढून ओढून माझा खांदा भरून आला, तेव्हा त्या जवळ आल्या. माझ्या हातातल्या कॉइलकडे पाहिलं, पदराने डोळे टिपले आणि हसल्या.

"बसवा ती आता, भाऊ," त्या म्हणाल्या. "रोज रोज त्यांना बोलवणं बरं नाय."